पस्तीस मिनिटांचं वैर

काका मंगळवारी गेले. रविवारच्या कार्यक्रमाचा मेसेज ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी तो टाकला: "पुण्यानुमोदन व जलदान विधी, रविवार, दुपारी ठीक १२ वाजून ३५ मिनिटांनी."

दोन मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. भावपूर्ण आदरांजली, भावपूर्ण आदरांजली. अडीचशे माणसांच्या ग्रुपात एकालाही काही खटकलं नाही. बायकोनं स्वयंपाकघरातून फोन हातात धरूनच बाहेर येऊन विचारलं, "काय पाठवलं ते वाचलं का?"

वाचलं, आणि चूक दिसली. ज्या पस्तीस मिनिटांशी त्या माणसानं जन्मभर वैर धरलं, तीच मी त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाला लावून दिली होती. मुद्दाम नव्हे, सवयीनं. बोटांना एवढंच येत होतं.

नवख्या माणसाला हे वैर सांगायला हवं. आमच्या समाजात लग्न बौद्धाचार्य लावतात. भटजी नाही, पंचांग नाही, मुहूर्त नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं ते सगळं एका झटक्यात सोडलं, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. भाषणात तर फारच. पण कुणाच्याही घरची लग्नपत्रिका काढून बघा. वर तथागतांचं चित्र, खाली "मंगल परिणय", आणि त्याच्या खाली वेळ: १२ वाजून ३५ मिनिटं. कधी ११.४७ सुद्धा. मुहूर्त सोडला, मिनिटं ठेवली.

काका म्हणजे आमची सगळ्यांची लग्नं लावणारे बौद्धाचार्य. पत्रिका हातात आली की आधी वेळ बघायचे. नवरानवरीची नावं नंतर.

"हे वरचं पस्तीस कुठून आलं?"

"घड्याळात असतं ना काका," मुलीचा बाप हसून म्हणायचा.

"घड्याळात सदतीसबी असतं. ते का नाय छापलं?"

मग पत्रिका बदलली जायची, किंवा पत्रिका तशीच राहून काका बारा वाजता उभे राहायचे. बारा म्हणजे बारा. हॉलमध्ये तीनशे माणसं असोत की अकरा.

उस्मानपुऱ्यातल्या एका लग्नात तर कमाल झाली. बारा वाजत आले, नवरी स्टेजवर, आणि नवरदेव चौकात घोड्यावर. समोर डीजे, डीजेसमोर मित्र. काका स्टेजवरून उतरले, पांढऱ्या झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या आणि चालत त्या गर्दीत घुसले. मी मागं मागं. घोड्याचा लगाम धरून वर बघत म्हणाले, "उतर."

नवरदेव गांगरला. मित्र ओरडले, "काका, दोनच गाणी राहिली!"

"गाण्याला तुम्ही आहात की. लग्नाला हा लागतो. उतर रे."

पोरगा उतरला आणि काकांच्या मागं शाळेत चालल्यासारखा आला. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, हार, जयमंगल अष्टगाथा, सगळं होऊन फुलं उधळून झाली, तेव्हा चौकात रिकाम्या घोड्याभोवती नाच चालूच होता. वऱ्हाड नाचत नाचत हॉलमध्ये शिरलं तेव्हा नवरानवरी पंगतीत बसून दुसऱ्यांदा वरण घेत होते.

हा किस्सा आता लोक हसून सांगतात. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. नवऱ्याच्या चुलत्यानं काकांची गचांडी धरली होती. काका म्हणाले, "धर. पण लग्न लागलं ते आता सुटत नाय."

काका पोटापाण्यासाठी टर्नर. वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही एकाच लाइनवर होतो, ते लेथवर आणि मी नवा ट्रेनी. डाव्या हाताची करंगळी लेथनं अर्धी नेलेली. अनित्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते ती करंगळी वर करायचे. "ही बघ. पूर्ण होती, तवा मीबी हिला कायमची समजत होतो."

मी त्यांच्याकडं ध्यानाला गेलो तो काही शांती शोधत नव्हे. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर मला जातीवरून टोमणा मारला आणि मी पाना उचलला होता. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, शिफ्ट संपल्यावर मला बजाजनगरला आपल्या घरी नेलं, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसवलं आणि म्हणाले, "बस."

"किती वेळ?"

"राग कंटाळंपर्यंत."

राग कंटाळला नाही, मी कंटाळलो आणि झोपलो. घोरलोसुद्धा. जागा झालो तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहाचा कप घेऊन समोर उभ्या होत्या. "पहिल्या दिवशी सगळेच झोपतात," त्या म्हणाल्या. मग कप माझ्या हातात देत, "घोरत नाहीत पण."

त्या सुपरवायझरचं पुढं काय झालं, तेही सांगितलं पाहिजे, कारण आता सगळे काकांना हसऱ्या चेहऱ्याचे संत करायला निघालेत. दुसऱ्या दिवशी काकांनी मला बसवून तक्रार लिहायला लावली. चार वेळा फाडली. "यात शिव्या हायेत. शिव्या काढ, तारीख टाक." मग साक्षीदार म्हणून स्वतः सही केली आणि लाइनवरच्या सहा जणांच्या मागं लागून त्यांच्या सह्या घेतल्या. सुपरवायझरला माफी मागावी लागली. काका म्हणायचे, "शांत बसणं येगळं, गप बसणं येगळं. राग म्हणजे टूल. कापताना वर गार कूलंट सोडलं नाय तर जळतं. पण कूलंट सोडायचं म्हणजे मशीन बंद करायची नाय. लोखंडाचा जॉब कापायचाय."

एवढंच त्यांचं ध्यानशास्त्र. रोज चार वाजता पहिली शिफ्ट सुटली की पंधरावीस माणसं त्या खोलीत बसायची, अंगाला तेलाचा वास, आणि अर्धा तास श्वास मोजायची. ध्यान हा शब्द ते वापरायचेच नाहीत. "चार वाजता बसणं हाय," एवढंच.

आणि लिहायचे. सोळा पानी पुस्तिका, शहागंजातल्या एका छोट्या प्रेसमध्ये छापलेल्या, मुखपृष्ठ गुलाबी नाहीतर पोपटी, प्रेसमध्ये जो कागद उरला असेल तो. 'लग्न लावताना होणाऱ्या चुका'. 'श्वासाला मालक नाही'. 'नारळ का फोडता?' पुस्तिका हातात देऊन ते थांबले असते तर ठीक होतं. पुढच्या भेटीत तोंडी परीक्षा असायची. "पान सातवर काय हाय?" मी एकदा ठोकून दिलं, "करुणा." ते म्हणाले, "पान सातवर छापखान्याची चूक हाय. पान आठच दोनदा छापलंय. तू उघडलंच नाय."

तर असा हा माणूस. माझं लग्न यांनी लावलं. माझ्या दोन्ही मुलींची नावं यांनी ठेवली, वडिलांना शेवटचं पाणी यांनी दिलं. गाथा सगळ्या तोंडपाठ, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण पुढं जे झालं ते यावरच झालं.

दोन वर्षांपूर्वी धाकटीचं लग्न ठरलं. व्याही चांगले, शिकलेले, अंधश्रद्धेवर व्याख्यानं देणारे. पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडून आला आणि त्यात वेळ होती १२.३५. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "आमच्या आईनं कुणाकडून तरी काढून आणलीय हो. म्हातारीचं मन राखायचं. बाकी आपण मानतो थोडंच?"

मी पण मानत नव्हतो. म्हणून छापली.

काका घरी आले, पत्रिका बघितली. "पस्तीस कुठून आलं?"

मी म्हणालो, "हॉलवर आधीचा एक कार्यक्रम आहे काका. साडेबाराला संपतो."

"बरं," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस सिटी बसनं त्या हॉलवर जाऊन मॅनेजरला विचारून आला. आधीचा कार्यक्रम नव्हताच. तिथून थेट माझ्याकडं. दारातच उभे राहिले.

"खोट्या वेळेवर मला खरं लग्न लावता येत नाय. पत्रिका बदल."

"वाटून झाल्या काका."

"मग तोंडानं सांग. बारा."

मी व्याह्यांना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, "मग दुसरे बौद्धाचार्य बघू ना. कमी आहेत का?"

आता सांगतो मी काय केलं. व्याह्यांवर चिडायचं ते मी काकांवर चिडलो. फोन ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या सत्तरीच्या माणसावर ओरडलो, "तुम्हाला माझी पोरगी दिसत नाही, घड्याळ दिसतं! तिचं लग्न मोडलं तर तुमच्या सोळा पानांत कुठं लिहिणार ते?" काकांनी चपला घातल्या. एवढंच म्हणाले, "पोरीला माझे आशीर्वाद सांग." गेले.

लग्न सव्वादोनला लागलं. बारा पस्तीसला स्टेजवर फक्त फुगे लावणारा होता.

आणि तिथं, जेवणाच्या रांगेत, बजाजनगरच्या एकानं मला विचारलं, "काका नाय दिसत?" मला खरं सांगता येत होतं. चार शब्दांचं काम होतं. पण शेजारी व्याही उभे होते. मी चेहरा पाडला, आवाज खाली घेतला आणि म्हणालो, "काकांचं आता वय झालं हो. विसरतात. गाथा मधेच सोडून देतात. मीच म्हटलं, कशाला त्रास?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या! मला धीर दिला त्यानं.

पुढचं मला करावंच लागलं नाही. पुढच्या लग्नसराईत वाक्य फिरत राहिलं. काकांना आता आठवत नाही. कशाला त्रास? आणि लोक किती लवकर विश्वास ठेवतात, बघा. एकानंही चार वाजता त्यांच्या घरी जाऊन "काका, एक गाथा म्हणा" असं म्हटलं नाही. का म्हणतील? बारा वाजता उभा राहणारा माणूस परस्पर टळत होता. डीजे निवांत वाजवता येत होता. माझं खोटं त्यांच्या सगळ्यांच्या सोयीचं होतं. चाळीस वर्षं ज्यानं आमची लग्नं लावली, त्याला त्या सराईत एकाच लग्नाला बोलावलं गेलं, आणि त्याच्या पुढच्या सराईत एकाही नाही. पांढरा झब्बा इस्त्री करून काकू खुंटीला लावायच्या, असं मला बायको सांगायची. ती जायची त्यांच्याकडं. मी चार वाजताचं बसणं सोडलं होतं. कामाचा ताण, गुडघा, असं काहीबाही सांगून.

एकदाच भेट झाली. शहागंजात, त्या प्रेसच्या पायरीवर. मी वळणार होतो, पण त्यांनी बघितलं. हातात नव्या पुस्तिकेचे ओले कागद.

"जय भीम."

"जय भीम काका. कसे आहात?"

"बरा हाय. ऐकलं, मला इसरायला होतंय म्हणे. व्हय?"

मी खिशात स्कूटरची किल्ली चाचपू लागलो.

"कोण म्हणलं, तेवढं मात्र ध्यानात हाय," ते म्हणाले आणि हसले. खरंच हसले. मग कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "पान सात बघ. यावेळी बरोबर छापलंय. आणि चार वाजता येत जा. बसल्यावर गुडघा दुखत नाय, चालल्यावर दुखतो."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. एक कानाखाली मारली असती तर मी सुटलो असतो. चौकात उभं करून चार शिव्या घातल्या असत्या, तर "काका तर असलेच" म्हणत मी घरी गेलो असतो आणि सुखानं जेवलो असतो. नाही. मला श्वास मोजायला बोलावत होते. मी गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन करता करता तो मंगळवार आला.

मेसेज मी लगेच दुरुस्त करून रविवारची वेळ बारा केली होती. कार्यक्रम दीडला सुरू झाला.

मंडपात शिरताना फ्लेक्स बघितला. काकांचा फोटो वर कोपऱ्यात, तळहाताएवढा. खाली "शोकाकुल" म्हणून चौदा डोकी, प्रत्येक काकांपेक्षा मोठं. यातल्या नऊ जणांनी मागच्या दोन वर्षांत घरची लग्नं दुसऱ्याकडून लावून घेतली होती. मोजत उभा राहिलो तर दहावा मीच निघालो. मला न विचारता छापला होता, आणि फोटो धाकटीच्या लग्नातला, फेटा घातलेला.

जलदान विधीला आलेला नवा बौद्धाचार्य मोबाइलवर बघून गाथा म्हणत होता. मधेच फोन आला, स्क्रीन बदलली, तो अडला. पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसलेल्या काकूंचे ओठ मात्र हलतच होते, न अडता. पेल्यात पाणी ओतलं जात होतं, ते भरून ताटात सांडत होतं.

मग आदरांजलीची भाषणं. पहिला म्हणाला, काका कधी कुणावर रागावले नाहीत. दुसरा म्हणाला, काका म्हणजे शांतीचा सागर. हा दुसरा म्हणजे तोच, ज्यानं उस्मानपुऱ्याच्या त्या लग्नात काकांची गचांडी धरली होती. नंतर माझे व्याही उठले. प्रमुख पाहुणे तेच होते. गळा दाटून आणून म्हणाले, "शेवटी शेवटी बिचाऱ्यांची स्मृती गेली होती. काही आठवत नव्हतं. पण चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच." सगळ्यांनी च्-च् केलं. एका बाईनं डोळे पुसले.

माझंच वाक्य. माझ्याच वाक्याला पदरचं जोडून ते आता कायमचं त्या माणसाच्या नावावर लिहिलं जात होतं. आज कुणी काही बोललं नाही, तर उद्यापासून काका म्हणजे विसरभोळा, गोड, कधीही न रागावणारा म्हातारा. आणि बोललो, तर समोर व्याही, त्यांच्या शेजारी माझी धाकटी, सातवा महिना लागलेला.

निवेदकानं माझं नाव पुकारलं. कानात म्हणाला, "तीनच मिनिटं हं भाऊ."

माइक हातात घेतला तेव्हा शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. कूलंट वगैरे. पहिल्या वाक्यालाच जळलं.

"काकांना सगळं आठवत होतं," मी म्हणालो. "एकूण एक गाथा. कुणाच्या पत्रिकेत किती मिनिटं होती तेसुद्धा. ते विसरतात हे मी पसरवलं. मी! माझ्या पोरीच्या लग्नाची वेळ पंचांगातून काढली होती, काकांनी नाही म्हटलं, आणि मला ते लोकांना सांगायची लाज वाटली. म्हणून मी त्यांचं डोकं गेलं असं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. एकानं विचारलं नाही. एकानं!"

व्याही उभे राहिले.

"अहो, चारचौघांत आमची इज्जत काढता?"

"माझी काढतोय. तुमची मधे आली."

"आईचं मन राखायचं होतं, एवढंच होतं ते!"

"आईचं मन राखलं, पोरीचं लग्न राखलं, हॉल राखला. एक माणूस तेवढा राखता आला नाही आपल्याला." आणि मग मी थांबायला हवं होतं, पण कसला थांबतोय. "आणि शांतीचा सागर काय म्हणता? तुम्ही गळा धरला होता त्यांचा! कधी रागावले नाहीत म्हणे. चाळीस वर्षं तो माणूस आपल्या सगळ्यांवर रागावलेला होता. आपल्याला ते कळू नये म्हणून गोड करून टाकताय त्याला. त्याच्या पुस्तिका किती जणांकडं आहेत? वाचल्यात का? पान सात सांगा कुणीतरी!"

पान सातचा कुणालाच अर्थ लागला नाही. निवेदकानं माइक काढून घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "लई झालं भाऊ, बसा आता." व्याही न जेवता निघाले. धाकटी त्यांच्या मागं गेली, गाडीत बसताना माझ्याकडं बघून हात केला की फक्त पदर सावरला, मला नीट दिसलं नाही. अजून विचारलेलं नाही.

जेवणावळीत माझ्या दोन्ही बाजूच्या जागा रिकाम्या राहिल्या. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. छाती हलकी. दोन वर्षांचं ओझं टाकलं, तेही भर मंडपात, स्वतःचं नुकसान करून. घरी येताना स्कूटरवर मी मनातल्या मनात ते भाषण पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, आणि एकदोन वाक्यं आणखी चांगली जमली असती, असंही वाटलं.

बायको मागं बसली होती. घरासमोर उतरली, किल्ली काढली, कुलपात घातली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "सगळ्यांवर ओरडलात. बरंच झालं, ओरडायलाच हवं होतं. काकू समोर बसल्या होत्या. त्यांना 'माफ करा' म्हणायचं तेवढं राहिलं."